वाटेचा लेक : मुसाफिरखान्यापासून लाउंजपर्यंत

मागे एकदा लेकीकडे लंडनला जाण्याचा योग आला. मुंबईहून आखातातल्या एका विमानतळावर उतरायचे, तिथे पाच तास थांबायचे आणि मग पुढचे विमान पकडायचे, असा प्रवास होता. म्हाताऱ्या आईबापांना त्रास नको म्हणून लेकीने आगाऊ पैसे भरून आमच्यासाठी लाउंजची सोय केली होती. काचेचे दार सरकले आणि आम्ही उभयता एका वेगळ्याच दुनियेत शिरलो. मऊ खुर्च्या, मंद दिवे, गरम सूप, चार प्रकारचे खजूर, न्हाणीघर, वजूची जागा आणि नमाजासाठी वेगळी खोली. चहा आणणाऱ्या मुलीने हिंदीत अदबीने विचारले, ‘अंकल, साखर वेगळी देऊ?’ आम्हाला मोठे बरे वाटले.

थोड्या वेळाने पाय मोकळे करायला बाहेर आलो. दारापासून वीस पावलांवर तीस-चाळीस कामगार जमिनीवर आडवे झाले होते. कोणी बॅगेवर डोके ठेवलेले, कोणी कागदपत्रांची प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरलेली. आमचे बोलणे कानावर पडताच त्यातला एक तरुण उठून बसला. ‘सलाम चाचा, रत्नागिरीकडचे का? आमचा गेट कुठला तेवढं बघा ना.’ पोरगा खेडचा होता. त्याचा गेट शोधून दिला आणि आम्ही परत आत आलो. चहा तोवर निवला होता. दुसरा मागवता आला असता, पण मागवावासा वाटला नाही.

आत आणि बाहेर, दोन्हीकडे मुसाफिरच होते. मग एकाला गादी आणि दुसऱ्याला फरशी ही वाटणी कधी झाली आणि कोणी केली? त्या रात्री विमानात झोप लागली नाही. घरी परतल्यावर या प्रश्नाचा इतिहास चाळत बसलो. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

अरबीत वाटसरूला ‘इब्न अस-सबील’ म्हणतात. शब्दशः अर्थ वाटेचा लेक. कुरआनने जकातीचे जे आठ हकदार सांगितले त्यांत हा वाटेचा लेकही आहे. म्हणजे घरी श्रीमंत असलेला माणूसदेखील वाटेत अडला, तर त्याला मदत मिळणे ही मेहेरबानी नव्हे, तो त्याचा हक्क आहे. या विचारातून इस्लामी जगात वाटेवरची मोठी व्यवस्था उभी राहिली. हारून अल-रशीदची बेगम जुबैदा हिने कूफ्याहून मक्केला जाणाऱ्या वाटेवर विहिरी, तलाव आणि मुक्कामाची ठिकाणे बांधायला अमाप खर्च केला. तो रस्ता आजही ‘दर्ब जुबैदा’, म्हणजे जुबैदेची वाट, या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे शेरशाह सूरीने १५४० ते १५४५ या अवघ्या पाच वर्षांच्या कारकिर्दीत रस्त्यांवर दर दोन कोसांवर सराया उभारल्या. तिथे हिंदू आणि मुसलमान मुसाफिरांच्या पाण्याची आणि राहण्याची वेगवेगळी सोय होती. आपल्या गावोगावच्या धर्मशाळाही याच जातकुळीच्या. 

आम्हा कोकणातल्या लोकांना हा वारसा मुंबईत दिसला तो मुसाफिरखान्यांच्या रूपाने. क्रॉफर्ड मार्केटजवळचा हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना कोणाला ठाऊक नाही? हजला निघालेली माणसे आधी मुंबईत येत, मुसाफिरखान्यात उतरत, आणि बोटीची वाट पाहत. आमचे आजोबा बोटीने हजला गेले ते डेकच्या तिकिटावर. वळकटी, पत्र्याची ट्रंक, तांदळाची पिशवी आणि सुक्या मासळीचा डबा हे त्यांचे सामान. मुसाफिरखान्यातल्या त्या दिवसांबद्दल ते घरात बोलत, तेव्हा गर्दीची किंवा डासांची तक्रार कधी ऐकली नाही. शेजारच्या वळकटीवर मराठवाड्यातला एक मोठा जमीनदार झोपत होता, एवढे मात्र ते नेहमी सांगत.

पण त्या बोटींचा इतिहास सगळाच गोड नाही. १८८० सालची एक घटना आपल्या लोकांनी विसरता कामा नये. ‘जेद्दाह’ नावाची आगबोट नऊशेहून अधिक हज-यात्रेकरूंना घेऊन पूर्वेकडच्या पेनांगहून निघाली. ऑगस्ट महिन्यात आफ्रिकेच्या टोकाजवळ ती वादळात सापडली आणि आत पाणी भरू लागले. तेव्हा कप्तान आणि गोरे अधिकारी होडीत बसून निघून गेले. यात्रेकरूंना बुडत्या बोटीवर सोडून! दुसऱ्या एका बोटीने या कप्तानाला वाचवून एडनला पोहोचवले. तिथे त्याने सांगितले की बोट बुडाली, सगळे गेले. पण यात्रेकरूंनी हिंमत सोडली नव्हती. ते पाणी उपसत राहिले. ‘अँटेनॉर’ या बोटीने ‘जेद्दाह’ ओढत आणली आणि सगळे मेले असे सांगितले गेल्यानंतर ती एडनच्या बंदरात येऊन उभी राहिली. चौकशी झाली. कप्तानाचा परवाना तीन वर्षांसाठी काढून घेतला, बस्स इतकेच. जोसेफ कॉनरॅडच्या ‘लॉर्ड जिम’ या कादंबरीला हीच घटना कारण झाली. कादंबरी पळून गेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या मनातल्या टोचणीची आहे. डेकवरच्या माणसांची कादंबरी कोणी लिहिली नाही.

हा प्रसंग मुद्दाम सांगितला. प्रवासातल्या सेवेची खरी परीक्षा गरम टॉवेलात आणि सरबतात होत नाही. संकट आले की सेवा करणारा मुसाफिराजवळ थांबतो की नाही, ही ती परीक्षा. आता बोटीतून विमानात येऊ.

विमानप्रवासाची एक जुनी सराई आपल्या अगदी शेजारी, शारजाला झाली. १९२९ साली इंपीरियल एअरवेजने लंडन ते कराची सेवा सुरू केली. तेव्हा हा प्रवास आठवडाभराचा होता. सुरुवातीला विमाने इराणच्या किनाऱ्याने येत. तिथला परवाना संपल्यावर १९३२ साली इंग्रजांनी शारजाच्या शेखांशी करार केला आणि मार्ग आखाताच्या अरबी बाजूला आणला. शेखांनी विमानासाठी मैदान आणि मुसाफिरांसाठी विश्रांतिगृह द्यायचे, पहारेकरी द्यायचे आणि त्याबद्दल कंपनीने पैसे मोजायचे, असे ठरले. शारजाला या पैशांची गरजही होती. जपानी कृत्रिम मोत्यांमुळे आणि जागतिक मंदीमुळे आखातातला मोत्यांचा धंदा तेव्हा बसत चालला होता. अशा रीतीने वाळवंटात एक किल्लेवजा इमारत उभी राहिली. विमानातले थोडेसे प्रवासी तिथे रात्रीचा मुक्काम करीत आणि पहाटे पुढे निघत. ही इमारत ‘अल महट्टा’ या नावाने आज संग्रहालय म्हणून जतन केली आहे. जुबैदेच्या वाटेवरचा मुक्काम आणि शारजाचा मुक्काम यांत फरक एवढाच की पहिल्याचे दार वाटसरूसाठी होते, दुसऱ्याचे तिकीटवाल्यासाठी. त्याच १९३२च्या १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटांनी टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला विमान आणले आणि आपल्याकडची हवाई कहाणी सुरू झाली.

विमानातली सेवा कोणी करायची? १९१२ साली जर्मन झेपेलिन हवाई जहाजावर हाइनरिख कुबिस नावाचा पुरुष वाढपी होता. बाईचा प्रवेश झाला तो १९३० साली. अमेरिकेतली एलन चर्च ही प्रशिक्षित नर्स. तिला खरे तर विमान चालवायचे होते. ते कोणी देईना, तेव्हा तिने बोइंग एअर ट्रान्सपोर्टला सुचवले की विमानात नर्स असली तर घाबरलेल्या प्रवाशांना धीर येईल. १५ मे १९३० रोजी तिचे पहिले उड्डाण झाले आणि तिच्यासह आठ नर्सांची नेमणूक झाली. अटी कोणत्या? वय पंचविसाच्या आत, अविवाहित, वजन आणि उंची ठरलेली. काम कोणते? सामान उचला, खुर्च्यांचे स्क्रू आवळा, इंधन भरायला हात लावा आणि हे सगळे करून हसत राहा.

आपल्या एअर इंडियाचे पहिले आंतरराष्ट्रीय विमान ‘मलबार प्रिन्सेस’ ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी १९४६ साली घडवलेला ‘महाराजा’ कंबरेत वाकून सगळ्या जगाचे स्वागत करू लागला. आपल्या मेहमाननवाजीचे नाव झाले. पण या पाहुणचाराच्या मागच्या मुलींचे काय? एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना नियम होता की नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर नोकरी गेली, पहिल्या गरोदरपणी नोकरी गेली, नाहीतर पस्तिसाव्या वर्षी निवृत्ती. पुढची वाढ साहेबांच्या मर्जीवर. त्याच विमानात काम करणारे पुरुष अठ्ठावन्नपर्यंत नोकरी करीत. नर्गिस मिर्झा आणि त्यांच्या सहकारी बायका कोर्टात गेल्या. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सय्यद मुर्तझा फझल अली यांनी निकाल लिहिला. गरोदरपणाची अट म्हणजे स्त्रीत्वाचा अपमान आहे, असे ठरवून ती रद्द झाली. मुदतवाढ साहेबांच्या लहरीवर ठेवण्याचा नियमही गेला. चार वर्षांच्या लग्नबंदीला मात्र न्यायालयाने हात लावला नाही. अर्धीच का होईना, लढाई जिंकली होती.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८३ साली, आर्ली हॉखशील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंचे ‘द मॅनेज्ड हार्ट’ हे पुस्तक आले. हवाई सुंदरींमध्ये वावरून त्यांनी दाखवून दिले की हातापायांच्या कष्टांसारखे मनाचेही कष्ट असतात. आतून रडू येत असताना चेहऱ्यावर हसू ठेवणे हेही कामच, आणि कंपनी त्याचीही किंमत तिकिटात लावते.

आता लाउंजकडे वळू. १९३९ साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सने ‘अ‍ॅडमिरल्स क्लब’ काढला. तिथे पैसे भरून जाता येत नसे. कंपनी आपल्या मनाने बड्या असामींना निमंत्रण देई. फी भरून सभासद होण्याची सोय नंतरची. १९५२ साली अटलांटिकवर ‘टुरिस्ट’ वर्ग आला आणि १९५८ साली त्याहून स्वस्त ‘इकॉनॉमी’. या स्वस्त वर्गाला काय खायला घालावे यावरून कंपन्यांत जुंपली. नियम होता की साधे, थंड, स्वस्त सँडविचच द्यायचे. युरोपातल्या काही कंपन्यांनी पावाच्या तुकड्यावर एवढे पदार्थ रचले की पान अ‍ॅमने तक्रार केली : हे सँडविच नव्हे, जेवण आहे! आज हसू येते. पण गंमत बाजूला ठेवून पाहिले तर गरिबाच्या ताटात जास्त पडले म्हणून झालेली ही तक्रार होती.

१९७३ साली तेलाचे भाव चढले आणि आखाताची दारे उघडली. चिपळूण, खेड, दापोली, श्रीवर्धन, म्हसळा, प्रत्येक गावातून पोरे कुवेत, सौदी, दुबई, मस्कतला निघाली. १९८३च्या कायद्यानंतर कमी शिकलेल्या कामगारांच्या पासपोर्टवर वेगळा शिक्का आला आणि विमानतळावर वेगळी रांग. २५ ऑक्टोबर १९८५ रोजी एमिरेट्सने पाकिस्तानी कंपनीकडून भाड्याने घेतलेली विमाने वापरून दुबईहून पहिले उड्डाण केले ते कराचीला. लगेच मुंबई आणि दिल्ली. झगमगत्या लाउंजसाठी आज नावाजलेल्या या कंपनीची सुरुवात कामगारांच्या याच वाटांवर झाली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आमचे मामू १९७६ साली कुवेतला गेले. विमानप्रवासाच्या त्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या आणि दर सुट्टीत त्या दोन्ही ऐकाव्या लागत. पहिली अशी की एका प्रवासात मागच्या रांगांतल्या लोकांनी तीनदा पाणी मागितले आणि तीनदा ‘आणते’ असे उत्तर आले. पाणी आले नाही. पुढचा पडदा मात्र सारखा हलत होता. दुसरी गोष्ट पहिल्याच प्रवासाची. उतरण्याआधी इंग्रजीतला फॉर्म भरायचा होता. मामूंना मराठी यायची, उर्दू यायची, इंग्रजी नाही. शेजारच्याचीही तीच गत. एक हवाई सुंदरी त्यांच्या खुर्चीपाशी उकिडवी बसली, मांडीवर वही ठेवली आणि त्या रांगेतल्या सगळ्यांचे फॉर्म तिने एकेक करून भरून दिले. सही येत नव्हती त्याचा अंगठा कुठे लावायचा तेही दाखवले. मामू म्हणत, ‘माझ्या सख्ख्या बहिणीनं असतं केलं, तसं केलं तिनं.’ दोन्ही कंपन्यांची नावे मामूंना पाठ होती. इथे ती देण्याचे कारण नाही.

सेवेची खरी परीक्षा संकटात, असे वर म्हटले. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेले पान अ‍ॅमचे विमान कराचीत उभे असताना हत्यारबंद अपहरणकर्ते आत घुसले. विमानसेविकांनी वेळीच इशारा दिल्यामुळे वैमानिक बाहेर पडू शकले आणि विमान उडवून नेण्याचा बेत फसला. त्यानंतर आतल्या प्रवाशांची जबाबदारी नीरजा भनोट आणि तिच्या सहकाऱ्यांवर आली. त्यांनी अमेरिकन प्रवाशांचे पासपोर्ट लपवले, लोकांना पाणी दिले, धीर दिला. रात्री गोळीबार सुरू झाला, तेव्हा नीरजाने दार उघडून माणसांना बाहेर काढले आणि त्यातच ती गेली. वीसहून अधिक माणसे मेली, पण शेकडो वाचली. दोनच दिवसांनी तिला तेविसावे वर्ष लागून पुरे होणार होते. भारत सरकारने तिला अशोकचक्र दिले. ‘जेद्दाह’चा कप्तान १८८० साली मुसाफिरांना सोडून होडीत बसला होता. नीरजा दाराशी असूनही आधी उतरली नाही.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले. मामूंसारखे हजारो लोक रातोरात रस्त्यावर आले. बसने इराक ओलांडून जॉर्डनपर्यंत पोहोचायचे, तिथल्या छावण्यांत उन्हात थांबायचे आणि अम्मानहून मुंबईचे विमान मिळण्याची वाट पाहायची. एअर इंडियाने सुमारे दोन महिन्यांत ४८८ उड्डाणे करून एक लाखाहून अधिक भारतीयांना परत आणले. मामू त्यांतले एक. ते सांगत की त्या विमानात कारखानदार आणि हमाल एकाच रांगेत बसले होते, आणि सगळ्यांच्या कपड्यांना सारखाच वास येत होता. विमानातल्या मुलींनी नाक मुरडले नाही. ज्याने जितक्या वेळा पाणी मागितले तितक्या वेळा ते मिळाले.

सगळ्यांसाठी एकच छप्पर असलेली जागा विमानतळावरही बांधता येते, हे जेद्दाहनेच दाखवून दिले. तिथला हज टर्मिनल १९८१ साली सुरू झाला. शिकागोच्या ज्या कंपनीने तो रचला तिचे अभियंते होते ढाक्याचे फझलुर रहमान खान. पोलादी खांबांना टांगलेले दोनशे दहा पांढरे तंबू, काचतंतूच्या कापडाचे. भिंती नाहीत. गरम हवा वरच्या तोंडातून निघून जाते, खाली सावली आणि वारा राहतो. एका वेळी ऐंशी हजार माणसे तिथे थांबू शकतील असा हिशेब. १९८३ साली त्याला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला, पण तो पाहायला खान हयात नव्हते. मार्च १९८२मध्ये जेद्दाह शहरातच त्यांचे निधन झाले. भारतातून बोटीने हज १९९५ साली बंद झाले. तेव्हापासून आपले सगळे हाजी विमानानेच जातात आणि त्यांतले कितीतरी या तंबूंच्या सावलीत बसून आलेले आहेत. तिथे गादी नाही, पण सावलीवर कोणाचे नावही लिहिलेले नाही.

आदराची गोष्ट निघाली म्हणून आणखी एक आठवण. एप्रिल २००९मध्ये दिल्लीच्या विमानतळावर माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची एका अमेरिकन विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी रांगेत अंगझडती घेतली. नियमाने त्यांना त्यातून सूट होती. बातमी फुटल्यावर कंपनीने माफी मागितली. कलामसाहेबांनी मात्र तक्रार केली नव्हती. त्यांचा तो मोठेपणा झाला. आपल्यातल्या ज्यांना नावामुळे बाजूला काढून उभे केले जाते, त्यांच्यासाठी माफीची बातमी छापली जात नाही. लाउंजचे पैसे भरता येतात, पण अशा वेळी हवा असलेला आदर कोणत्या खिडकीवर मिळतो ते अजून कळलेले नाही.

परतीच्या प्रवासात पुन्हा तोच विमानतळ आणि तोच लाउंज. पुढचे विमान सहा तास लांबले. लाउंजची मुदत तीन तासांची. काउंटरवरची मुलगी ओशाळून म्हणाली, ‘सर, वेळ संपली. मला काही करता येत नाही.’ तिचा दोष नव्हता. ती सकाळपासून उभी होती. आम्ही तिचे आभार मानले, नाव विचारले, आणि बाहेर पडलो.

बाहेरच्या खुर्च्या भरलेल्या होत्या. बेगमचे गुडघे दुखत होते. भिंतीकडेला काही मुले चादर अंथरून बसली होती. एकाने बघितले, सरकून जागा केली आणि आपली बॅग पाठीशी लावायला दिली. ‘बसा चाची.’ दुसऱ्याने बिस्किटांचा पुडा पुढे केला. कुठले, कुठे चाललात, घरी कोण कोण, अशा गप्पा सुरू झाल्या. एकाचा फॉर्म अर्धवट होता. आम्ही चष्मा लावला आणि तो भरायला घेतला.